सुई टोंचण्यापूर्वीं आणि टोंचल्यावर

गेल्या भाद्रपदांत आमच्या सौभाग्यवतीनें मोरींतली भरलेली बादली उचलली आणि ती जागच्या जागीं खालीं बसली. पाठींत चमक निघाली होती. वय त्रेसष्ट, तेव्हां हा वाताचाच प्रकार, असें मीं ठरवून टाकलें. वायूचें आश्रयस्थान अस्थि होय हें वाग्भटाचें मत मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक. त्या पांडित्याच्या बळावर दोन महिने मीं तिच्या पाठीला तेल चोळलें. वाग्भटाचा यांत कांहीं अपराध नाहीं. मज्जाक्षयाच्या लक्षणांत त्यानेंच हाडांचें सौषिर्य, म्हणजे आंतून पोकळ होणें, सांगितलें आहे. तें मीं वाचलेलें होतें. परंतु वाचलेल्या गोष्टीचा घरांतल्या माणसाशीं संबंध जोडण्यास निराळी बुद्धि लागते, ती त्या वेळीं मला झाली नाहीं.

दिवाळीस कन्या माहेरीं आली. फडताळाच्या वरच्या फळीवरला डबा आईच्या हाताला पुरेनासा झाला आहे, हें तिनें पहिल्याच दिवशीं हेरलें. मानोऱ्याहून तिनें आईला अकोल्यास नेलें. क्ष-किरणांच्या चित्रांत पाठीचा एक मणका पुढच्या बाजूनें चेपलेला दिसला, आणि हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्रानें उणें ३.२ हा आंकडा दिला. तरुण निरोगी स्त्रीच्या हाडांशीं तुलना करून हा आंकडा काढतात. तो उणें २.५ किंवा त्याहून खालीं गेला म्हणजे त्या स्थितीस ऑस्टिओपोरोसिस म्हणावें, हें प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं घालून दिलें. डॉक्टरांनीं सुचविलेलें औषध वर्षांतून एकदां शिरेंतून द्यावयाचें होतें. त्याचें नांव झोलेड्रॉनिक ॲसिड, मात्रा ५ मिलिग्रॅम.

घरीं येतांच सौ. म्हणाली, "अहो, माईची गत डोळ्यांनीं पाहून तुम्ही मला इंजेक्शन घ्यावयास सांगतां?"

माई म्हणजे तिच्या थोरल्या भगिनी. त्यांना डेनोसुमॅब नांवाचें इंजेक्शन दर सहा महिन्यांनीं कातडीखालीं देत असत. चार इंजेक्शनें विनातक्रार झालीं. पुढें आमच्या भाच्यानें औषधाच्या खोक्यांतलें पत्रक वाचलें. जबड्याचें हाड मरणें, मांडीचें हाड मोडणें, रक्तांतलें कॅल्शियम उतरणें, हें वाचून तो घाबरला आणि त्यानें आईचें पांचवें इंजेक्शन कोणासहि न विचारतां बंद केलें. शेवटच्या इंजेक्शनास अकरा महिने झाले असतील, माईंना खोकल्याची उबळ आली आणि तेवढ्यानेंच तीन मणके मोडले. आमच्या आप्तेष्टांत या घटनेचा अर्थ एकच लावला गेला, तो हा कीं इंजेक्शनानें माईंचीं हाडें खाल्लीं.

खरा अर्थ याच्या नेमका उलट आहे, आणि तो कळावा म्हणूनच हें टिपण लिहीत आहें.

आपलें हाड म्हणजे एकदां बांधून टाकलेली भिंत नव्हे. कांहीं पेशी जुनें हाड पोखरून काढतात व दुसऱ्या नवें भरतात, असें काम जन्मभर चालूं असतें. पाळी थांबल्यावर पोखरणें वाढतें, भरणें मागें पडतें. डेनोसुमॅब पोखरणाऱ्या पेशींस रोखून धरतें. परंतु तें हाडांत मुरत नाहीं, सहा महिन्यांत त्याचा अंमल ओसरतो. पुढचें इंजेक्शन मिळालें नाहीं तर रोखून धरलेलें पोखरण्याचें काम एकदम आणि दुप्पट जोमानें सुरू होतें, आणि अशा वेळीं एकाच नव्हे तर अनेक मणक्यांवर घाला पडण्याचा संभव असतो. म्हणून हें औषध थांबवावयाचें असेल तर त्याच्या पाठोपाठ दुसरें औषध द्यावें लागतें. माईंना घेतल्यामुळें नव्हे, तर सोडल्यामुळें, आणि सोडतांना मागें कांहींच न ठेवल्यामुळें अपाय झाला. भाच्याला मी दोष देत नाहीं. पत्रकांत भीतिदायक गोष्टींची यादी असते. त्यांतली कोणती वारंवार घडते आणि कोणती क्वचित्, हें सामान्य वाचकाच्या मनांत ठसत नाहीं.

अंकगणित शिकविण्यांत माझा जन्म गेला, म्हणून मीं पाटी घेऊन सौ.ला हिशेब मांडून दाखविला. झोलेड्रॉनिक ॲसिडाचा मोठा प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत साडेसात हजारांहून अधिक वृद्ध स्त्रिया होत्या. निम्म्यांना औषध व निम्म्यांना नुसतें पाणी दिलें होतें. तीन वर्षांत नुसतें पाणी घेतलेल्या दर हजारांत १०९ जणींचे मणके मोडले, औषध घेतलेल्यांत ३३ जणींचे. खुब्याचें हाड पहिल्या गटांत हजारीं २५ जणींचें मोडलें, दुसऱ्यांत १४ जणींचें. आतां तराजूचें दुसरें पारडें. पहिल्या सलाईननंतर सुमारें तिघींत एकीला ताप, अंगदुखी किंवा डोकेदुखी झाली. तिसऱ्या वर्षीं हें प्रमाण शंभरांत तिघींवर आलें. हृदयाचे ठोके गंभीर स्वरूपांत अनियमित होण्याचा प्रकार औषध घेणाऱ्यांत हजारीं १३ आणि न घेणाऱ्यांत ५ असा निघाला. पुढच्या एका प्रयोगांत असा फरक दिसला नाहीं, तरी ज्यांच्या हृदयाची गति पूर्वींपासूनच बिघडलेली आहे त्यांनीं तें डॉक्टरांस आधीं सांगावें. जबड्याच्या ज्या विकारानें भाच्याची झोंप उडविली, त्याचा एक रुग्ण औषधाच्या गटांत आढळला, आणि एक नुसत्या पाण्याच्या गटांत.

सौ.नें पाटीकडे बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "त्या तेहतिसांत मी निघालें तर?"

याला गणितांत उत्तर नाहीं, आणि तें मीं तिला तसेंच सांगितलें. एवढेंच म्हटलें कीं एकशें नऊंत निघण्यापेक्षां तेहतिसांत निघण्याचा संभव कमी. आणि एक मणका आधींच मोडलेल्या बाईला दुसरा मोडण्याचें भय इतरांहून अधिक असतें.

मांडीच्या हाडाचा अस्थिभंग मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. औषध पुष्कळ वर्षें चाललें तर क्वचित् हें हाड मोठ्या आघातावांचून मधोमध मोडतें. त्याआधीं कित्येक आठवडे मांडींत किंवा जांघेंत मंद ठणका असतो. अशी कळ आली तर तेल न चोळतां (हें मी स्वतःलाच बजावीत आहें) डॉक्टरांकडे जावें. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडांत वर्षानुवर्षें मुरून राहतें. म्हणून सामान्यतः तीन वर्षांनंतर, आणि फारच धोका असेल तर सहा वर्षांनंतर, कांहीं काळ विश्रांति देतां येते. डेनोसुमॅबला अशी विश्रांति चालत नाहीं. दोन औषधांतला हा भेद जिनें घ्यावयाचें तिला व तिच्या मुलांना पहिल्या दिवशींच समजावून दिला पाहिजे.

तिसरें औषध टेरिपॅराटाइड. हें नवें हाड भरणाऱ्या पेशींना चेतवितें. तें रोज स्वतः टोंचून घ्यावें लागतें, दोन वर्षांच्या वर सहसा देत नाहींत, आणि थांबल्यावर त्याच्याहि मागून दुसरें औषध लागतें. उंदरांच्या हाडांत गांठी झाल्यामुळें त्याच्या वेष्टनावर कडक इशारा असे. माणसांत तसें न आढळल्यामुळें अमेरिकेच्या औषध-खात्यानें तो २०२० सालीं काढून टाकला. पण तें शीतकपाटांत २ ते ८ अंशांवर ठेवावें लागतें. वैशाखांत आमच्याकडे वीज गेली म्हणजे शीतकपाटांतलें ताकसुद्धां आंबतें. तेथें रोजच्या सुईचा भरंवसा कसा धरावा? ज्यांना त्याचीच गरज असेल त्यांनीं ही सोय आधीं पाहावी.

इंजेक्शनापूर्वींच्या तयारीला आम्हांस सहा आठवडे लागले, आणि ते सार्थकीं लागले. सौ.ची एक दाढ हलत होती. ती काढून हिरडी पुरती भरून येईपर्यंत डॉक्टरांनीं थांबविलें, कारण जबड्याचा विकार झालाच तर बहुधा दाढ काढल्यानंतर होतो. रक्त तपासून मूत्रपिंडांची शक्ति पाहिली. ती ठराविक मर्यादेखालीं, म्हणजे मिनिटास ३५ मिलिलिटरखालीं, असेल तर हें औषध देतच नाहींत. डेनोसुमॅब अशा रुग्णांस देतां येतें, पण मूत्रपिंडें फारच निकामी झालेल्यांत, विशेषतः डायलिसिसवर असणाऱ्यांत, रक्तांतलें कॅल्शियम धोकादायक रीतीनें उतरूं शकतें, असा ठळक इशारा २०२४ च्या जानेवारींत अमेरिकेंत त्याच्या वेष्टनावर आला. सौ.चें ड जीवनसत्त्व फार कमी निघालें. वऱ्हाडांत सूर्याला काय तोटा! परंतु आमच्या घरांतल्या बायका सकाळीं देवघरांत, दुपारीं माजघरांत आणि सायंकाळीं डोक्यावर पदर घेऊन देवळांत. ऊन त्यांच्या अंगाला लागावें कधीं? तें भरून न काढतां इंजेक्शन दिलें असतें तर कॅल्शियम उतरून हातापायांना मुंग्या व पेटके आले असते. आठवड्याला ६० हजार युनिटांची पुडी दुधांतून चालूं केली आणि तिळाच्या चटणीला ताटांत रोजचें स्थान मिळालें.

येथें एक विषयाला सोडून वाटेल असें सांगतों. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढल्याचें उघडकीस आल्यावर २०१९ सालीं राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशहि काढले तर बाईचीं हाडें तरुण वयांतच विरळ होऊं लागतात. आमच्या सुशिक्षित घरांतहि ‘आतां त्याचा उपयोग काय’ म्हणून ही शस्त्रक्रिया सहज उरकली जाते. अशा भगिनींनीं साठीची वाट न पाहतां घनता मोजून घ्यावी.

मार्गशीर्षांत अकोल्यास वीस मिनिटें सलाईन लागली. डॉक्टरांनीं आदल्या दिवशींपासून भरपूर पाणी प्यावयास व नंतर पॅरासिटामॉल घ्यावयास सांगितलें होतें. दुसऱ्या रात्रीं ताप १०१ वर गेला, सांधे ठणकूं लागले. ती कांहीं बोलली नाहीं, पण तिच्या डोळ्यांत माई दिसत होत्या. पाटीवरचे आंकडे अशा वेळीं कामास येत नाहींत. मी उशाशीं बसून राहिलों. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ती आपण होऊन उठली आणि चहांत साखर कमी पडल्याचें तिनें मला ऐकविलें.

माईंनाहि आतां हेंच औषध चालूं झालें आहे. भाचाच त्यांना घेऊन जातो. आमच्याकडे पुढच्या सलाईनची तारीख यंदाच्या पंचांगांत मावेना, म्हणून सौ.नें ती देवघराच्या कपाटाच्या दाराला आंतून खडूनें लिहून ठेवली आहे, आणि शेजारीं कन्येचा दूरध्वनि-क्रमांक. माझ्या स्मरणावर तिचा आतां विश्वास उरलेला नाहीं.