चौकट कशाची, त्याआधी चौकट कशासाठी

म्हैसूरच्या देवराज अर्स रस्त्यावर दसऱ्याच्या सुमारास मोबाइलच्या दुकानांत जी वर्दळ असते, ती महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरातील दिवाळीच्या वर्दळीहून फारशी वेगळी नसते. लाख-सव्वा लाखाच्या फोनची पेटी उघडली जाते आणि कॅमेरा, पडदा, बॅटरी यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक शब्द अदबीने उच्चारला जातो : टायटॅनियम. ग्राहक फोन तळहातावर तोलून पाहतो. विमानात आणि अवकाशयानात वापरला जाणारा धातू आपल्या खिशात येणार, या कल्पनेने जास्तीच्या रकमेचे समर्थन आपोआप होऊन जाते. असा फोन पुष्कळदा हप्त्यांवर घेतलेला असतो आणि तो हप्ता वर्ष-दोन वर्षे पगारातून वजा होत राहतो. त्यामुळे प्रश्न क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. महागड्या फोनची चौकट कोणत्या धातूची आहे, याने खरोखर काही फरक पडतो का?

फरक पडतो. मात्र तो ज्या कारणाने पडतो, ते कारण दुकानात क्वचितच सांगितले जाते. आणि जे सांगितले जाते, त्याने पुष्कळदा फरक पडत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी म्हैसूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. शहराच्या अगदी जवळ श्रीरंगपट्टण आहे. अठराव्या शतकात हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या फौजांनी येथून जे अग्निबाण वापरले, त्यांची कीर्ती मुख्यतः एका गोष्टीमुळे झाली : त्यांची नळी लोखंडाची होती. मराठी कागदपत्रांत या अस्त्राला सरळ 'बाण' म्हटले जाते. १७९२ साली हरिपंत फडके यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौज श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत इंग्रजांच्या बरोबरीने उभी होती, तेव्हा या बाणांची ओळख मराठी सैन्यालाही होती. त्या काळी युरोपात अग्निबाण होते, पण त्यांची नळी प्रायः कागदी पुठ्ठ्याची असे. दारू दोन्हीकडे जवळपास त्याच जातीची. अंतर पडले ते कवचामुळे.

बंगळूरचे वायुगतिशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ साली लिहिलेल्या निबंधात या बाणांचा अभियांत्रिकीच्या दृष्टीने अभ्यास केला. मुद्दा सोपा आहे. बंद नळीत दारू जळते तेव्हा आतला दाब वाढतो. दाब जितका अधिक, तितका वायू वेगाने मागे फेकला जातो आणि बाण पुढे झेपावतो. पुठ्ठ्याची नळी तो दाब सोसू शकत नाही. ती आधीच फाटते. लोखंडी नळीत दारू अधिक घट्ट ठासता येते आणि दाबही अधिक पेलता येतो. म्हणून यांतील काही बाणांचा पल्ला दोन किलोमीटरच्या आसपास जात असे, अशा नोंदी आहेत. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडमध्ये वूलिचला गेले आणि विल्यम काँग्रीव्ह याने पुढे तयार केलेल्या ब्रिटिश अग्निबाणांना त्यांपासून प्रेरणा मिळाली.

लोखंड हा त्या काळचा 'प्रतिष्ठेचा' धातू होता म्हणून म्हैसूरचा बाण दूर गेला नाही. बाणाची खरी अडचण नळीच्या बळकटीपाशी होती आणि लोखंडाने नेमकी तीच दूर केली. यंत्रातील सर्वांत दुबळी कडी ज्या ठिकाणी असते, तेथे बदललेला पदार्थ क्रांती करतो. अन्यत्र बदललेला पदार्थ केवळ किंमत वाढवतो. फोनच्या चौकटीला हीच कसोटी लावून पाहिली पाहिजे.

सध्याच्या उंची फोनांत मुख्यतः तीन धातू आढळतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट असते, टायटॅनियमच्या मिश्रधातूची सुमारे ४.४ पट आणि स्टेनलेस स्टीलची सुमारे ८ पट. ताठरतेचा, म्हणजे वाकण्यास होणाऱ्या विरोधाचा, क्रमही हाच आहे : अनुक्रमे सुमारे ७०, ११४ आणि १९३ गिगापास्कल. या दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की मौज दिसते. तिन्ही उत्तरे २४ ते २६ यांच्या दरम्यान येतात. वजनाच्या मानाने मिळणारी ताठरता निसर्गाने या तिन्ही धातूंना जवळजवळ सारखीच वाटून दिली आहे. टायटॅनियम वरचढ ठरते ते बळकटीत : कायमचा पोक येण्यापूर्वी ते नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या दोन-तीन पट ताण सहज सोसते. चौकट अतिशय पातळ करायची असेल, तर हा गुण अमूल्य आहे.

आता दुसरी बाजू. उष्णता वाहून नेण्यात हेच टायटॅनियम अगदी मंद आहे. फोनांत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता ७ वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास, स्टेनलेस स्टीलची १५ च्या आसपास, तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची सव्वाशेपासून दोनशेपर्यंत. स्वयंपाकघरात हा फरक प्रत्येकाने अनुभवला आहे. स्टीलच्या पातळ बुडाच्या पातेल्यात दूध लागते, कारण ज्योतीखालची उष्णता तेथेच साचते. ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या बुडाच्या पातेल्यात ती सर्वत्र पसरते. फोनमधील प्रोसेसर ही नखाएवढी शेगडीच असते. तिची उष्णता पसरली नाही, तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, पडद्याचा उजेड मंदावतो आणि दीर्घकाळात बॅटरीचे आयुष्यही घटते. म्हैसूरची हवा त्या मानाने सुखद आहे. पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर लावलेल्या, नकाशा दाखवणाऱ्या फोनची परीक्षा होते ती उष्णतेत. त्या वेळी चौकट किती बळकट आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

गेल्या काही वर्षांतील फोनांचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. ॲपलने २०१७ च्या आयफोन टेनला स्टेनलेस स्टीलची चौकट दिली आणि त्याच्या उंची फोनांत अनेक वर्षे तीच कायम राहिली. २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये टायटॅनियम आले आणि फोनचे वजन २०६ ग्रॅमवरून १८७ ग्रॅमवर उतरले. हा लाभ खरा होता, कारण बदल जड स्टीलकडून हलक्या धातूकडे होता. पुढच्याच जानेवारीत सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्रामध्येही टायटॅनियम आले. तेथे आधीची चौकट ॲल्युमिनियमची होती, आणि वजनात जेमतेम एक-दोन ग्रॅमांचा फरक पडला. धातूचे नाव तेच, पण ग्राहकाच्या हाती आलेले फळ वेगळे.

सर्वांत बोलका प्रसंग सप्टेंबर २०२५ चा आहे. एकाच कंपनीने एकाच कार्यक्रमात दोन फोन सादर केले. आयफोन १७ प्रोची चौकट टायटॅनियम सोडून ॲल्युमिनियमची झाली, तर ५.६ मिलिमीटर जाडीच्या आयफोन एअरला टायटॅनियम मिळाले. पहिल्याला भरपूर काम करायचे होते, म्हणून उष्णता पसरवणारा धातू आणि आत बाष्पकक्ष. दुसऱ्याला पातळ राहूनही वाकायचे नव्हते, म्हणून बळकट धातू. 'श्रेष्ठ' धातू असे काही अस्तित्वात असते, तर या दोन निवडी एकाच मंचावर झाल्या नसत्या. दोन वर्षे ज्या नावाखाली फोन विकला गेला, ते नाव सर्वांत शक्तिशाली फोनवरून निमूटपणे उतरवले गेले, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

मात्र येथे न्यायाने वागणे आवश्यक आहे. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापत असल्याची ओरड झाली, तेव्हा अनेकांनी टायटॅनियमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. कंपनीने मात्र कार्यप्रणालीतील दोष आणि काही ॲप यांकडे बोट दाखवले आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती प्रसृत केली. त्या चौकटीच्या आतला गाभा ॲल्युमिनियमचाच होता. टायटॅनियम ही वरची पट्टी होती. एका धातूवर सारे यश किंवा सारे अपयश लादणे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे.

उरतो पडझडीचा प्रश्न, कारण 'मजबूत चौकट' म्हटले की ग्राहकाच्या डोळ्यांसमोर हातातून निसटणारा फोन येतो. फोन पडल्यावर बहुतेकदा काय फुटते? काच. चौकट बहुधा शाबूत असते. फार तर कोपऱ्यावर पोचा येतो. फोनच्या शरीरातील दुबळी कडी पुढची आणि मागची काच आहे, आणि चौकटीचा धातू बदलल्याने काचेची ठिसूळता जात नाही. वाकण्याविषयी म्हणावे, तर २०१४ साली आयफोन ६ प्लस खिशात वाकत असल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. पुढच्या वर्षी उत्तर आले ते ॲल्युमिनियमच्याच, पण अधिक बळकट अशा ७००० मालिकेच्या मिश्रधातूच्या रूपाने. धातूचे नाव बदलले नाही. कुळ तेच, गुण वेगळे. पेटीवरील 'ॲल्युमिनियम' किंवा 'टायटॅनियम' हा शब्द म्हणजे माणसाचे केवळ आडनाव कळण्यासारखे आहे.

ॲल्युमिनियमच्याही मर्यादा आहेत. त्याला रंग देण्यासाठी पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवतात. तो थर कठीण असतो, कारण माणिक आणि नीलम ज्या संयुगाचे बनतात तेच हे संयुग. पण त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. धारदार कडांवर तो उडतो आणि खालचा रुपेरी धातू डोकावू लागतो. ज्याला फोन कव्हराविना वापरायचा आहे, त्याच्यासाठी हा दोष विचारात घेण्याजोगा आहे. परंतु भारतात बहुसंख्य महागडे फोन दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच कव्हरात शिरतात. ज्या धातूसाठी हजारो रुपये अधिक मोजले, त्याला ग्राहकाचा हात पुन्हा लागतो तो कव्हर बदलताना.

प्रश्नाला राष्ट्रीय बाजूही आहे. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक घटक निर्मिती योजना मंजूर केली आणि तिच्या कक्षेत मोबाइलची कवचेही आहेत. तमिळनाडूतील होसूर येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आयफोनची कवचे बनवते. म्हैसूरजवळ नंजनगूड येथे सर्किट बोर्डांचा मोठा कारखाना अनेक वर्षे चालू आहे. चौकटीचा धातू हा आता भारतीय कामगाराच्या, यंत्राच्या आणि विजेच्या बिलाचाही विषय झाला आहे.

त्या दृष्टीने दोन्ही धातूंची जन्मकथा पाहावी. टायटॅनियमचे खनिज भारताकडे विपुल आहे. केरळच्या चवरा येथील वाळूत ते आहे आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. पण वाळूपासून धातूपर्यंतची वाट क्रोल प्रक्रियेतून जाते : आधी क्लोराइड, मग उच्च तापमानाला मॅग्नेशियमशी अभिक्रिया, आणि हाती येतो तो सच्छिद्र 'स्पंज'. चवरा येथे हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर आणि इस्रोच्या साहाय्याने वर्षाला ५०० टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला, तो मुख्यतः अवकाश आणि संरक्षण या क्षेत्रांची गरज डोळ्यांपुढे ठेवून. ॲल्युमिनियमही जन्मतः विजेचा मोठा भोक्ता आहे. परंतु एकदा तयार झाल्यावर ते वितळवून पुन्हा वापरण्यास मूळच्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, आणि त्याची भंगार व्यवस्था देशाच्या गल्लीगल्लीत आहे. ज्या वस्तूचे आयुष्य चार-पाच वर्षांचे, तिच्यासाठी हा विचार गौण नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे : सुंदर वस्तू हातात धरण्याच्या आनंदाला मोल नाही का? अवश्य आहे. टायटॅनियमचा मंद करडा पोत आणि स्टीलची आरशासारखी कड यांचे आकर्षण खरे आहे. पण तो आनंद दागिन्याचा आहे, आणि तो दागिना म्हणूनच विकत घ्यावा. सोनार घडणावळ वेगळी सांगतो. फोनच्या दुकानात मात्र घडणावळ मजबुतीच्या नावाखाली लावली जाते. आक्षेप आहे तो या सरमिसळीला.

म्हणून महागडा फोन घेणाऱ्याने धातूचे नाव विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. वजन किती आणि ते हातात कसे विभागले आहे? अर्धा तास चित्रीकरण किंवा खेळ चालू ठेवल्यावर फोनचा वेग टिकतो का? काच आणि बॅटरी बदलायला किती खर्च येतो आणि ती सोय आपल्या गावात आहे का? सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील? या चारांची उत्तरे समाधानकारक असतील, तर चौकट ॲल्युमिनियमची असो वा टायटॅनियमची, पैसे वाया जाणार नाहीत. उत्तरे असमाधानकारक असतील, तर कोणताही धातू ती भरपाई करू शकणार नाही.

श्रीरंगपट्टणच्या कारागिरांनी बाणाला लोखंडी नळी दिली, कारण पुठ्ठ्याची नळी फाटत होती. त्यांना आपली अडचण नेमकी ठाऊक होती आणि धातू तिच्या मागोमाग आला. दोन शतकांनंतर त्याच परिसरातल्या दुकानात धातू आधी पुढे केला जातो आणि अडचण ग्राहकाने शोधावी, अशी अपेक्षा असते. हप्ता ज्याच्या पगारातून जाणार आहे, त्याने हा क्रम उलटा करून पाहायला हरकत नाही.