खर्ज मोडीत काढू नका

इंग्लंडात जुने डबलबास जमवून दुरुस्त करणारी मंडळी आहेत, असे सांगितले तर आमच्या श्रीगोंद्यात कोणीही हसेल. माणसापेक्षा उंच असे ते खर्जाचे वाद्य. मोडले तर जळणाला घालावे, त्याचे एवढे कौतुक कशाला? हा प्रश्न करणाऱ्यांनाच आम्ही उत्तर देऊ इच्छितो.

टॉमस केनेडी, बर्नार्ड फेंट अशा लंडनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात घडविलेले बास आजही वाजतात. मूळची तीन तारांची वाद्ये पुढे चार तारांची करून घेण्यात आली. ती टिकली याचे रहस्य सांध्यांत आहे. ते जनावरी सरसाने जोडलेले असतात. कोरड्या हवेने लाकूड आकसले, की बहुधा लाकूड फाटण्याआधी सांधा सुटतो, आणि सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो. दुरुस्ती गृहीत धरूनच ते वाद्य घडविलेले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या खेड्यांतील चर्चच्या माळ्यावर शेतकरी व कारागीर फिडल, क्लॅरिनेट, बासव्हायोल वाजवीत. सुधारणेच्या नावाखाली त्यांना खाली उतरविण्यात आले आणि ऑर्गन, हार्मोनियम वर चढले. टॉमस हार्डी यांनी १८७२ साली या विषयावर कादंबरी लिहिली. वाद्यांबरोबर वाजविणारेही गेले. आज त्याच वाद्यांच्या डागडुजीवर पैसा ओतला जात आहे.

आता आपल्याकडे पाहा. ज्या पेटीने तिकडे बास हुसकला, तीच पेटी आपण कीबोर्डासाठी मोडीत काढीत आहोत. कीबोर्डाशी आमचे वैर नाही. वैर आहे ते त्याच्या तालाच्या बटणाशी. बटण दाबताच ठेका सुरू होतो. मग ढोलकी शिकणाऱ्या मुलाने मिस्सेला कोठे बसावे?

कोणी म्हणेल, पेटी तरी आपली कोठे? खरे आहे, हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली घेतले. पण फादर स्टीफन्सही इंग्रजच होते, आणि १६१६ साली छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीच आहे. गोव्याच्या भाविकांनी डबलबासला ‘रबेकांव’ म्हणून लदिनीत बसविले. वापराने आणि निगेने परकी वस्तू आपली होते. अडगळीत टाकली की आपलीही परकी होते. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले आहे. तो मान केवळ भाषणांतून देता येत नाही.

व्हेनिसचा दोमेनिको ड्रागोनेत्ती १७९४ साली लंडनला गेला. तेथे त्याने बासवादक म्हणून कीर्ती मिळविली, वाद्ये जमविली. १८४६ साली तो वारला, तेव्हा गास्पारो दा सालोने घडविलेला त्याचा लाडका बास त्याच्या इच्छेप्रमाणे व्हेनिसच्या संत मार्क बॅसिलिकेला गेला. आपण मात्र देवळातील वाद्य भंगारवाल्याच्या तराजूत टाकतो!

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. कातड्याच्या कामाची आठवण नावात बाळगणाऱ्या गावात पेटीच्या भात्याला कातडे लावणारा हात मिळू नये काय? प्रत्येक धर्मग्राम परिषदेने आपल्या वाद्यांची यादी करावी, सणाच्या खर्चातून दुरुस्तीसाठी रक्कम वेगळी काढावी, परिषदेच्या ठरावाशिवाय एकही वाद्य विकू नये आणि दुरुस्त झालेले प्रत्येक वाद्य शिकण्यासाठी एका मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावे. कपाटात बंद केलेली पेटीही मोडीत निघाल्यासारखीच असते.