घाटात तापणारी जुनी मोटार

बमरोलीहून जुनी अँबॅसडर वा फियाट घेऊन सापुताऱ्यास जावयाचे असल्यास एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सुरतेच्या सपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळते. सुमारे १००० मीटर उंचीवर ते ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्यात हवा विरळ, चढ उभा व वेग मंद. म्हणून रेडिएटरास वारा कमी मिळतो आणि इंजिन तापते.

निघण्यापूर्वी रेडिएटर आतून धुऊन घ्यावा, पंख्याचा पट्टा सैल नाही ना हे पाहावे आणि टोपणाचे रबर झिजले असल्यास टोपण बदलावे. टोपण आत दाब राखते व दाबाखाली पाणी उशिरा उकळते. उंचीने हिरावलेले तीन अंश ते सहज भरून काढते.

चढावर खालचा गियर वेळीच टाकावा. काटा चढू लागताच गाडी बाजूस सावलीत उभी करावी. मात्र टोपण लगेच उघडू नये. उसळत्या वाफेने तोंड व हात भाजतात. मुलांना दूर ठेवावे. इंजिन पुरते निवल्यावर जाड फडक्याने टोपण हळूहळू सोडावे व मगच पाणी घालावे. तापल्या लोखंडावर गार पाणी पडल्यास ते तडकण्याचा संभव असतो. पोचण्यास तासभर उशीर होईल, इतकेच.