दोष कोणाचा?

‘कालपर्यंत चालत होते, ते आज का चालत नाही?’ हा प्रश्न मनुष्य बहुधा दुसऱ्यास विचारतो, स्वतःस क्वचितच. आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात गतवर्षी लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम यंदा नव्या कंपायलरने नाकारला, तेव्हा आम्हीही कंपायलरलाच दोषी ठरवून मोकळे झालो. तक्रारीचा मसुदादेखील तयार झाला होता!

अधिक वाचन केल्यावर मात्र डोळे उघडले. जीसीसी या कंपायलरची तेरावी आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत सी प्लस प्लस भाषेच्या काही हेडर फाइलींनी केवळ अंतर्गत सोयीसाठी सोबत आणलेल्या इतर फाइली आणणे बंद केले. त्यामुळे ठराविक रुंदीच्या पूर्णांकांची नावे ‘सीएसटीडीइंट’ ही फाइल स्वतः न जोडताच वापरणारे अनेक प्रोग्राम अडले. अशी तक्रार आली, की ती ‘अग्राह्य’ ठरते. माझ्या मते हा निर्णय न्याय्यच आहे. शेजाऱ्याने वाड्याचे दार उघडे ठेवले, म्हणून त्यातून जाण्याचा हक्क आपणांस प्राप्त होत नाही.

परंतु प्रत्येक तक्रारकर्ता चुकीचाच असतो, असेही नव्हे. ‘व्हेक्टर’ ही फाइल जोडली असता ‘इनिशियलायझर लिस्ट’ ही फाइल आपोआप मिळालीच पाहिजे, असे भाषेचे प्रमाणपत्रक सांगते. ती न मिळाल्यास दोष निःसंशय कंपायलरच्या बाजूचा होय. तात्पर्य, निवाडा सवयीवरून नव्हे, तर लिखित प्रमाणावरून व्हावा. तक्रारकर्त्याने दहा-पंधरा ओळींत दोष दाखवावा. निवाडा करणाऱ्याने प्रमाणातील कलम दाखवावे. नुसते ‘अग्राह्य’ म्हणून दार लावून घेण्याने वाद मिटतो. अज्ञान मात्र तसेच राहते. नवशिक्या मनुष्य त्यातून काही न शिकता केवळ अपमानित होऊन परततो.

विद्यार्थीमित्रहो, आमची तक्रार आम्ही पाठविली नाही. एक ओळ जोडली आणि प्रोग्राम चालू लागला. ती ओळ कोणती, हे कंपायलरने आपल्या संदेशातच सुचविले होते. आम्ही रागाच्या भरात तो संदेश शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. दुसऱ्यावर दोष ठेवण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, हा धडा आम्हांस एका यंत्राने दिला, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.