सही करण्याआधी दोन ओळी



परीक्षा संपल्या, निकाल लागले, की आपल्याकडे बदल्यांचे दिवस सुरू होतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचं ते बहुधा मे महिन्यातच. आणि वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन काय असतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको! मुलं कंटाळलेली, पाण्याचा माठ कुठल्या खोक्यामागे गेला त्याचा पत्ता नाही, अशा वेळी 'सामान उतरलं एकदाचं' असं होऊन जातं आणि समोर आलेल्या कागदावर आपण डोळे मिटून सही करतो. आजचं माझं सगळं सांगणं त्या एका सहीबद्दल आहे.

तीन वर्षांपूर्वी यांची अमरावतीहून वर्ध्याला बदली झाली. माझ्याकडे माहेरची एक सागवानी आलमारी आहे. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आर्वीच्या एका सुताराकडून त्यांनी ती हप्त्याहप्त्याने पैसे देऊन करून घेतली होती. आईची पातळं आणि आम्हा भावंडांची प्रगतिपुस्तकं वर्षानुवर्षं तिच्यातच असत. मला ती देताना आई एवढंच म्हणाली होती, "दार आपटू नकोस हं."

सामान उतरलं तेव्हा आलमारी गोधड्यांत गुंडाळलेली होती. गाडीवाला घाई करत होता, "ताई, पटकन सही द्या, पुढचं भाडं आहे." कागदावर आधीच छापलेलं होतं, 'माल सुस्थितीत मिळाला.' मी सही केली. दुसऱ्या दिवशी गोधड्या सोडल्या तर मागचा एक पाय मोडलेला, दाराची फळी उभी चिरलेली आणि आतल्या आरशाला कोपऱ्यापासून तडा गेलेला. मी मटकन खालीच बसले.

हे म्हणाले, "जाऊ दे आता. बदली म्हटली की एवढं चालायचंच." ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन केला, तर उत्तर आलं, "बाई, तुमचीच सही आहे ना?" घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते असं! दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. बी.ए. झालेली, शाळेत मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून शिकवणारी मी!

तिसऱ्या दिवशी मात्र वही घेऊन बसले. तेव्हा जे शिकले, ते तुमच्यासाठी क्रमाने लिहिते.

सामान निघण्यापूर्वी. साध्या वहीच्या पानावर तीन रकाने आखा : वस्तू, तिची आजची अवस्था आणि तिची किंमत. 'दिवाण, डाव्या बाजूला जुना ओरखडा' इतकं खरं लिहा. जुनी खोट लपवली, तर पुढे आपलं खरंही कुणी मानत नाही. यादीच्या दोन प्रती करून दोन्हींवर गाडीवाल्याची सही घ्या. मोबाईलवर प्रत्येक मोठ्या वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढा. आरसे आणि काचेची फळकुटं काढून वेगळी बांधा. खण रिकामे करा. बिजागऱ्यांचे स्क्रू पुरचुंडीत घालून ती त्याच वस्तूला बांधून टाका.

बिल्टीवर सामानाची किंमत लिहायला लावा. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली २०११ मध्ये नियम झाले. त्यांनुसार, जास्त किंमत जाहीर करून त्याप्रमाणे जादा दर ठरवला नसेल, तर गाडीवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. म्हणजे भाडं ८ हजार असेल, तर ८० हजारांपर्यंत. घरात त्याहून मोलाचं सामान असेल, तर हे आधीच बोलून घ्यायला हवं. 'इन्शुरन्स' म्हणून वेगळे पैसे मागितले, तर विमा कंपनीचा कागद मागा. नुसता बिलावर शब्द लिहिला म्हणजे विमा उतरवला असं होत नाही.

सामान उतरल्यावर. आधी सोडा, पाहा, मग सही करा. मोडलेलं दिसलं, तर त्याच कागदावर लिहा, 'आलमारीचा मागचा पाय मोडलेला मिळाला.' वेळच नसेल तर निदान एवढं तरी लिहाच, 'वस्तू उघडून पाहिलेल्या नाहीत.' या दोन ओळी लिहायला एक मिनिट लागतं. गाडीवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

एक मात्र करू नका बायांनो. हमालाच्या मजुरीतून पैसे कापू नका. तो रोजाचा माणूस. वस्तू पोचवण्याचा करार ट्रान्सपोर्टवाल्याने केलेला असतो, तेव्हा मागणी त्याच्याकडेच करायची, आणि तीही लेखी.

सही होऊन गेली असेल तर. माझ्यासारखी चूक झाली, तरी सगळं संपलं असं समजू नका. त्या सहीमुळे आपली बाजू लंगडी होते खरी, पण हक्क जात नाही. मालक आणि हमाल यांच्यात नेमका हलगर्जीपणा कुणाचा, हे शोधून सिद्ध करणं कायद्याने आपल्यावर टाकलेलं नाही. २००० साली 'पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ग्राहक मंचापुढच्या तक्रारींनाही लागू केलं. तेव्हा १८६५ चा जुना कायदा होता. २००७ च्या कायद्यातही ही तरतूद आहे. माल चांगला दिला होता आणि मोडलेला मिळाला, एवढं आपण दाखवायचं.

आता ते दाखवायचं कशाने? मला वाचवलं माझ्या धाकटीने. निघण्याच्या सकाळी तिने आपल्या बाहुलीला आलमारीसमोर बसवून मोबाईलवर फोटो काढला होता. त्यात चारी पाय आणि अखंड आरसा स्पष्ट दिसत होता, वर तारीखही होती!

मी पत्र लिहिलं. त्यात बिल्टीचा नंबर, तारीख, काय मोडलं, दुरुस्तीला किती लागतील आणि किती दिवसांत उत्तर हवं, एवढंच. रागाचा एकही शब्द नाही. सोबत फोटो आणि सुताराने लिहून दिलेला ७,८०० रुपयांचा अंदाज जोडला. पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पावती जपून ठेवली. लक्षात ठेवा, गाडीवाल्यावर दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. आपण मात्र आठवड्याच्या आतच लिहावं. जितका उशीर, तितका 'तुमच्याच घरात मोडलं असेल' म्हणायला वाव.

उत्तर आलंच नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपल्या वर्ध्यातही आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी बुक केली त्या गावी हेलपाटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. मोबदला ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

माझ्यावर तिथवर जायची पाळी आली नाही. दुसरं पत्र गेल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला आणि घासाघीस होऊन ४,५०० रुपये मिळाले. पुरते नाही मिळाले. पण सही कोरी करून दिली होती, त्याचं मोल तेवढं चुकवावंच लागलं.

आता दुरुस्तीचं. फोटो काढून अंदाज लिहून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका, नाहीतर पुरावाच नाहीसा होतो. मग पुढचं करा :

जुन्या सागवानी सामानाला खिळे ठोकू देऊ नका. लाकूड चिरतं. निखळलेला सांधा आधी स्वच्छ खरवडायचा, जुना डिंक काढायचा, फेव्हिकॉल लावून सुतळीने घट्ट आवळायचा आणि पूर्ण एक दिवस हलवायचा नाही. बारीक भेगेत त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा. हलक्या ओरखड्यावर अक्रोडाचा गर चोळला तर तो पुष्कळसा झाकला जातो. खण अडकत असेल तर कडांना मेणबत्ती फिरवा. पावसात भिजलेलं लाकूड सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात ठेवलं तर वाकडं होतं.

लोखंडी आलमारीचं दार लागेनासं झालं, तर लगेच मिस्त्रीला बोलावू नका. नव्या घराची फरशी समपातळीत नसते, म्हणून दार तिरपं वाटतं. पायाखाली पातळ पाचर सारून पाहा. ओरखड्यातून पत्रा दिसत असेल, तर पावसाळ्याआधी तिथे रेड ऑक्साइड लावून वर रंगाचा हात द्या, नाहीतर गंज धरतो.

माझ्या आलमारीला सुताराने सागाचाच नवा पाय बसवला. रंग जरा वेगळा दिसतो. दिवाळीला आई आली, तिने दार हळूच उघडलं, लावलं आणि म्हणाली, "चालतंय की गं छान." पायाकडे तिचं लक्ष गेलं होतं, पण ती काही बोलली नाही.

त्या आलमारीत आता प्रगतिपुस्तकांशेजारी माझ्या पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती ठेवलेली आहे. उद्या पुन्हा बदली आली, तर यादीची वही मी सगळ्यात आधी काढणार. तुम्हीही आजच एक वही करून ठेवा.