खटल्यावाचून शिक्षा

'शोले'तील आंधळे रहीमचाचा ज्यास ठाऊक नाहीत असा हिंदी चित्रपटांचा शौकीन आमच्या शहरांत विरळा. १९७५ साली तो चित्रपट लागला, तेव्हापासून मुलाच्या प्रेतापाशी उभ्या राहिलेल्या त्या वृद्धाकडे पाहून किती जणांनी डोळे पुसले असतील कोण जाणे. परंतु ते काम करणारे ए. के. हंगल हे गृहस्थ नट होण्यापूर्वी कोण होते, आणि ज्या मुंबईने त्यांस डोक्यावर घेतले तिनेच पुढे त्यांच्याशी कसे वर्तन केले, ह्याची आठवण फार थोड्यांनी ठेविली आहे. आज ती करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण त्यांच्या आयुष्यातील एका प्रसंगाचा संबंध नाटक-सिनेमापेक्षा आमच्या व्यापारपेठेशी अधिक आहे.

अवतार किशन हंगल हे काश्मिरी पंडितांच्या कुळातले. जन्म सियालकोटचा, वाढ पेशावरात. तेथे खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगारांनी सगळा मुलूख जागा केला होता. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि चंद्रसिंग गढवाली व त्यांच्या सोबत्यांनी स्वबांधवांवर बंदूक चालविण्याचे साफ नाकारले. अशा शहरात वाढणाऱ्या पोराचा ओढा चळवळीकडे व्हावा ह्यात नवल ते काय! वडील सरकारी नोकर. परंतु मुलाने परक्या सरकारची चाकरी करावयाची नाही असे ठरविले आणि कात्री व सुई हाती धरली. पांढरपेशा घरातील तरुणाने शिंप्याचे काम पत्करावे आणि त्याची लाज वाटून घेऊ नये, ही एक गोष्टसुद्धा आमच्या पदवीधरांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे कुटुंब कराचीस आले. तेथे हंगल साम्यवादी पक्षात व कामगारांच्या चळवळीत पडले. साम्यवाद्यांच्या मतांशी आमचा मेळ बसत नाही हे आम्ही येथे स्पष्टच सांगून ठेवितो. पण एखाद्याचे मत चुकीचे असणे निराळे आणि त्याची निष्ठा खोटी असणे निराळे. फाळणी झाली तरी हे गृहस्थ कराचीतून हलले नाहीत. त्याचे बक्षीस म्हणून नव्या पाकिस्तान सरकारने त्यांस तुरुंगात घातले. १९४९ साली सुटून ते मुंबईस आले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. पाकिस्तानच्या तुरुंगाचे अन्न ह्या मनुष्याने खाल्ले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुंबईस पुन्हा शिवणकाम, आणि संध्याकाळी 'इप्टा' ह्या लोकनाट्य संघात बलराज सहानी, कैफी आझमी इत्यादिकांसमवेत नाटके. चित्रपटात पाऊल टाकले तेव्हा वय पन्नाशीच्या घरात होते. इतर नट जेथे निवृत्तीचा विचार करतात तेथे ह्यांचा आरंभ! साहजिकच वाट्यास आले ते बाप, मास्तर, नोकर, शेजारी. अशा कामांस कोणी मोठी म्हणत नाही, परंतु ती नसली तर नायकाच्या पराक्रमास घर उरत नाही आणि गावही उरत नाही. 'नमक हराम' (१९७३) मध्ये ते कामगारांचे पुढारी झाले. 'गर्म हवा'त कराचीहून उठून आग्र्यास आलेला सिंधी व्यापारी त्यांनी उभा केला. कराची सोडून आलेल्या कामगार-पुढाऱ्यास ह्या दोन्ही भूमिकांसाठी फारशी तालीम लागली नसावी. सव्वादोनशेच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. त्या सर्वांची यादी देण्याचे येथे प्रयोजन नाही.

आता मुख्य गोष्ट. १९९३ साली हंगलांनी आपला जुना मुलूख पाहण्यासाठी पाकिस्तानच्या वकिलातीकडे परवाना मागितला. तेथून राष्ट्रदिनाच्या समारंभाचे निमंत्रण आले, आणि ते गेले. दंगली आणि बाँबस्फोट ह्यांनी मुंबई होरपळली ते हेच वर्ष. तेव्हा लोकांची मने तापलेली होती, आणि जाण्यात व्यवहारचातुर्य नव्हते असे कोणी म्हणाल्यास आम्ही भांडणार नाही. परंतु शिवसेनेने त्यांस देशद्रोही ठरवून त्यांच्या चित्रपटांवर बहिष्कार पुकारला, आणि इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत वाढलेला व पाकिस्तानच्या कैदेत दिवस काढलेला हा म्हातारा एका दिवसात पाकिस्तानचा हस्तक झाला! चित्रांतून त्यांची दृश्ये कापली गेली. सुमारे दोन वर्षे त्यांस काम मिळाले नाही.

आम्ही वकिलीचा धंदा केलेला असल्यामुळे आम्हांस प्रथम सुचतो तो प्रश्न असा की, ह्या शिक्षेचा हुकूम कोणत्या न्यायासनाने दिला? आरोपपत्र कोठे आहे? आरोपीचे म्हणणे कोणी ऐकले? वकिलातीच्या समारंभास जाणे हा कोणत्या कायद्याने गुन्हा होतो? राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास आपला धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे खरे, पण ते कलम हात बांधते ते सरकारचे. शेजाऱ्याच्या भित्रेपणावर त्याची मात्रा चालत नाही. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा केला, आणि तो स्तुत्य आहे. परंतु त्याचा रोख जातपंचायतींवर आहे, बाजारातील बहिष्कारावर नव्हे.

वाळीत टाकण्याची ही विद्या महाराष्ट्रास नवी नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, आणि त्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. दुसऱ्याच्या घरचा पाहुणचार घेतला, एवढाच काय तो अपराध! त्या प्रकरणाचा विचार करताना आजही हसू येते. पण त्या ग्रामण्यातसुद्धा शंकराचार्यांनी चौकशीसाठी माणसे नेमली होती, आणि कोणी चहा प्यायला व कोणी नुसता पेला हाती धरला ह्याचा खल झाला होता. शंभर वर्षांनंतरच्या मुंबईत हंगलांच्या वाट्यास तेवढीही चौकशी आली नाही. मग सुधारणा झाली ती कशात?

बहिष्कार पुकारणाऱ्यांस आम्ही एकट्यांस दोष देत नाही. पुकारणे त्यांचे काम. ते शिरसावंद्य मानणारे दुसरेच होते. निर्माते, वितरक, थिएटरवाले ही मंडळी काही पेंढारी नव्हेत. वहीखाते नीट ठेवणारी, दिलेला शब्द पाळणारी, अब्रूदार माणसे आहेत. त्यांतील कित्येकांस हंगल देशद्रोही नाहीत हे पक्के ठाऊक असणार. तरीही काचा फुटतील, खेळ बंद पडेल, नुकसान कोण भरून देणार, असा हिशेब करून त्यांनी एका मनुष्याची भाकर थांबविली. नुकसानीचे भय खोटे होते असे नव्हे. पण एकेकट्या दुकानदारास जे जमत नाही ते करावयासाठीच व्यापाऱ्यांची मंडळे असतात ना?

हंगल पुढे परत आले. 'लगान'मध्ये (२००१) ते दिसले, २००६ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले, आणि २०११ साली औषधपाण्यास पैसा पुरत नाही अशी त्यांची बातमी छापून आली. त्याच वर्षी चाकांच्या खुर्चीत बसून ते मुंबईत पोशाखांच्या एका प्रदर्शनात मंचावर आले. शिंपीकाम केलेल्या मनुष्यास ते स्थळ परके वाटले नसेल. २६ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.

आमच्या व्यापारी वाचकांस एवढीच विनंती की, अमक्याचा माल ठेवू नका, तमक्याचा खेळ लावू नका, असा निरोप घेऊन कोणी पेढीवर आल्यास त्याजकडे तो निरोप कागदावर, सहीनिशी मागावा. आणि तो कागद आपल्या मंडळाच्या बैठकीत सर्वांसमक्ष वाचून दाखवावा.