एंजल म्हणजे देव का?



थँक्सगिव्हिंग आटोपतं न आटोपतं तोच आमच्या श्रूजबरीत घराघरांपुढे दिवे लागतात, आणि त्यांत एखादा तरी पंखवाला एंजल उभा असतोच. मग आपली मुलं विचारतात, "आई, एंजल म्हणजे त्यांचे देव का गं?" आपण घाईत "हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळे होतो. खरं उत्तर "नाही" असं आहे. आणि ते माहीत असलेलं बरं, कारण शेजारच्या घरी दुःखाचा प्रसंग आला की हाच शब्द पुन्हा कानावर येतो.

आधी शब्दच पाहू. हिब्रूतला 'मलाख' आणि ग्रीकमधला 'आंगेलोस', दोन्हींचा अर्थ निरोप्या. म्हणून मराठी बायबलमधला 'देवदूत' हा शब्द अगदी चपखल आहे. संत ऑगस्टीन यांनी म्हटलं आहे, की 'दूत' हे त्यांच्या कामाचं नाव. मुळात ते आत्मे. त्यांना शरीर नाही, मरण नाही. पण त्यांना देवानेच निर्माण केलं, तेव्हा ते देवाच्या बरोबरीचे नव्हेत.

बायबलमध्ये नावानिशी भेटणारे देवदूत थोडेच. गॅब्रिएल मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो. मुसलमानांचा जिब्रील तो हाच. मायकेल सैतानाशी लढतो. राफाएलची गोष्ट कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंटांच्या नाही. मुंबईकरांनी तर यातलं एक नाव कितीदा तरी घेतलं असेल. बुधवारच्या नोव्हेनाला जिथे हिंदू भाविकही गर्दी करतात, ते माहीमचं सेंट मायकेल चर्च याच देवदूताच्या नावाचं!

आपल्या भाषेलाही ही मंडळी नवी नाहीत, बरं का. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचं सुमारे ११,००० ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' राशोलला छापून निघालं. स्वर्गाला त्याने सरळ 'वैकुंठ' म्हटलं. मराठी माणसाला कळावं म्हणून चारशे वर्षांपूर्वी एका परक्याने एवढी खटपट केली!

मग आपला गोंधळ कुठे होतो? दूत तर आपल्याकडेही आहेत. अजामिळाला न्यायला यमदूत आले आणि विष्णुदूतांनी त्यांना अडवलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. रामाचा दूत मारुती तर गावोगाव आहे. पण मारुतीला आपण शेंदूर लावतो, शनिवारी तेल वाहतो. आपल्याकडे थोर सेवक स्वतःच देव होतो. ख्रिस्ती धर्मात नेमकं उलट आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात योहान देवदूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा देवदूतच त्याला थांबवतो आणि सांगतो, की मीही तुझ्यासारखाच चाकर, भक्ती देवाची कर. कॅथलिक लोक प्रत्येकाला एक रक्षक देवदूत असतो असं मानतात, २ ऑक्टोबरला त्यांचा सण पाळतात, 'आमच्यासाठी प्रार्थना करा' अशी देवदूतांना विनवणीही करतात. बहुतेक प्रॉटेस्टंट तेवढंही करत नाहीत. पण देव म्हणून पूजा कोणीच करत नाही.

आणि पंख? यशयाला दिसलेल्या सेराफिमांना सहा-सहा पंख होते खरे. पण अब्राहामाच्या तंबूशी आलेले देवदूत साध्या वाटसरूंसारखे होते. त्याने पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं. सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांतही देवदूतांना पंख नसत. अनोळखी पाहुण्याचा आदर करा, तो देवदूतही असू शकेल, असं बायबल सांगतं. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्यांना हे परकं वाटायला नको.

आता दुःखाच्या प्रसंगाकडे येतो. श्रूजबरी हे १७२७ सालचं गाव. न्यू इंग्लंडच्या जुन्या थडग्यांवर आधी पंखवाली कवटी कोरत, अठराव्या शतकात तिच्या जागी पंखवाला चेहरा आला. फर्स्ट कॉन्ग्रिगेशनल चर्चजवळच्या माउंटन व्ह्यू दफनभूमीत कधी गेलात तर त्या काळचे दगड जरूर पाहा. मेलेलं माणूस आणि पंख यांची सांगड अशी जुनी आहे. नाताळात टीव्हीवर लागणाऱ्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६ च्या चित्रपटातला क्लॅरेन्स तर मेलेला माणूसच. देवदूत होऊन पंख मिळवायच्या खटपटीत असतो. चर्चची शिकवण मात्र वेगळी आहे: माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. तो माणूसच राहतो, आणि त्याला पुनरुत्थानाची आशा दिलेली आहे.

तरीही शेजारीण डोळे पुसत "आमची आई आता एंजल झाली" म्हणाली, तर तिथे धर्मशास्त्र काढू नये, आणि आपला पुनर्जन्मही मध्ये आणू नये. ती सिद्धांत सांगत नसते, आईला निरोप देत असते. हात हातात घ्यावा, दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा पोचवावा.

आणि भारतातली आपली आजी गेल्यावर आपल्याच मुलाने "आजी एंजल झाली का?" असं विचारलं तर? सोपं जातं म्हणून "हो" म्हणू नये. तुमच्या घरात जे मानतात ते सांगावं, आणि वर्गातले मित्र वेगळं मानतात हेही सांगावं. मुलांना दोन्ही पेलतं.

आपल्या मंडळात मराठी ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. त्यांच्या घरी देवदूतांच्या गोष्टी मराठीतून कशा सांगतात, ते त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवावं.